सोन्यावर सोनं: लॅपटॉपवर अणुकेंद्रकांची टक्कर कशी चालवावी

मे महिन्यात नागपुरात हे करणार असाल, तर पहिली सूचना भौतिकशास्त्राची नाही. लॅपटॉप कूलरच्या झोतात ठेवू नका. ती हवा गार असते, तशीच ओलीही. मी धरमपेठेतल्या खोलीत रात्री अकरानंतर बसतो.

टक्कर कोणती घ्यायची? जर्मनीत डार्मश्टाटच्या जीएसआय प्रयोगशाळेत, हेडीस प्रयोगात, २०१२ साली सोन्याची केंद्रकं सोन्यावर आदळवली होती. ऊर्जा प्रत्येक न्यूक्लिऑनमागे (म्हणजे प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनमागे) १.२३ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट. नवख्यानं तीच घ्यावी. थेट लार्ज हॅड्रॉन कोलायडरच्या ऊर्जेला हात घालाल, तर कणांच्या गर्दीत काहीच कळणार नाही.

मॉडेल म्हणून, म्हणजे टक्कर कणाकणानं चालवणारा प्रोग्राम म्हणून, स्मॅश घ्या. त्याच जातीचं यूआरक्यूएमडी जुनं आणि नावाजलेलं आहे, एएमपीटी जास्त ऊर्जेसाठी बरं. पण स्मॅशचा कोड खुला आहे आणि सगळ्या सेटिंग्ज एकाच फाइलीत असतात. लिनक्सवर सीमेक, जीएसएल, आयगेन आणि पिथिया हे स्मॅशला लागणारे प्रोग्राम आधी टाकून घ्या. पिथियाची आवृत्ती स्मॅशच्या सूचनांत लिहिली आहे नेमकी तीच हवी. त्याहून नवी टाकली, तर बिल्ड (कोडपासून प्रोग्राम बनवणं) बहुधा तिथेच अडतं.

आता सेटिंग्जची फाइल. दोन्ही केंद्रकांत ७९ प्रोटॉन आणि ११८ न्यूट्रॉन भरा. कणांची नावं आकड्यांनी द्यायची असतात: प्रोटॉन २२१२, न्यूट्रॉन २११२. फर्मी गती, म्हणजे केंद्रकाच्या आतल्या कणांची हालचाल, ‘फ्रोझन’ ठेवा. केंद्रकातले कण मुळात स्वस्थ नसतातच, पण ती गती खरोखर चालू दिली आणि बांधून ठेवणारं बल नसलं, तर टक्कर होण्याआधीच केंद्रक विखुरतं. ‘फ्रोझन’मध्ये ती गती धडकेच्या हिशेबात धरतात, चालण्यात नाही. शेवटची वेळ २०० ठेवा. इथलं एकक म्हणजे प्रकाशाला एक फेम्टोमीटर कापायला लागणारा वेळ, साधारण ३.३ × १०⁻²⁴ सेकंद.

आत काय चालतं? प्रत्येक कण सरळ जात असतो. दुसरा पुरेसा जवळ आला की धडक, आणि त्यातून काय निघेल ते फासे टाकून ठरतं. ‘पुरेसा जवळ’ किती, हे कागदावर काढून बघा. क्रॉस सेक्शन, म्हणजे धडकेसाठीचं लक्ष्याचं क्षेत्रफळ, ४० मिलिबार्न असेल, तर ते ४ चौरस फेम्टोमीटर झालं. त्याला पायनं भागून वर्गमूळ घ्या: १.१३ फेम्टोमीटर. एवढ्या अंतरात आले तर धडक, नाहीतर आपापल्या वाटेनं.

दोन केंद्रकांची मध्यरेषा एकमेकींपासून किती सरकलेली, हेही ठरवावं लागतं. ० ते १४ फेम्टोमीटर द्या आणि निवड वर्गाच्या नियमानं होऊ द्या, म्हणजे एखाद्या अंतराच्या आत येण्याची शक्यता त्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात. समोरासमोरच्या टकरी कमीच मिळतील: ३ फेम्टोमीटरच्या आतल्या शंभरात चार-पाच. कॅरममध्ये सोंगटी काठाला घासून जाते तसंच बहुतेक वेळा होतं.

शंभर टकरी लावा आणि तर्री-पोहे खाऊन या.

परतल्यावर आलेख काढायची घाई करू नका, आधी हिशेब तपासा. विद्युतभार आणि बॅरिऑन (प्रोटॉन, न्यूट्रॉन आणि त्यांचे जड भाऊबंद) कुठेही हरवत नाहीत. प्रत्येक टकरीच्या शेवटी एकूण भार १५८ आणि बॅरिऑन ३९४ यायलाच हवेत. पहिल्यांदा मी मोजले, तर एका टकरीत भार १५७ आणि बॅरिऑन ३९३! बाप्पा, कोडच मोडला म्हणून रात्रभर जागलो. चूक माझ्या मोजणीत होती. मी फक्त प्रोटॉन, न्यूट्रॉन आणि पायॉन (टकरीत बनणारे हलके कण) मोजत होतो. यादीत खाली एक ३२१ होता, म्हणजे एक धन भार असलेला केऑन, आणि त्याच्याच टकरीत एक ३१२२, म्हणजे लॅम्डा, भार नसलेला बॅरिऑन. विचित्रता (या दोघांत असलेला कणांचा एक गुणधर्म) जोडीनंच जन्मते, त्यामुळे दोघं एकत्रच सुटले होते.

गंमत अशी, की मोकळ्या दोन न्यूक्लिऑनांना हा केऑन बनवायला १.५८ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. आपण दिले १.२३. उरलेलं कुठून आलं? थोडं फर्मी गतीतून. बाकीचं टप्प्याटप्प्यानं: पहिल्या धडकेतून डेल्टा (न्यूक्लिऑनचं जड, अल्पायुषी रूप) बनतो, जास्तीची ऊर्जा वस्तुमानात साठवून ठेवतो, आणि मोडायच्या आत तिसऱ्यावर आदळतो. टकरींचा इतिहास छापायला लावला, तर ही साखळी ओळीओळीनं वाचता येते. त्यासाठी मॉडेल चालवावं, असं माझं मत.

पुढची तपासणी पायॉनांची. सोन्यात न्यूट्रॉन जास्त, म्हणून ऋण पायॉन (−२११) धन पायॉनांपेक्षा (२११) जास्त यायला हवेत. सगळे डेल्टातूनच बनले असं धरलं, तर गुणोत्तर १.९५च्या आसपास निघतं. तुमचं थोडं इकडे-तिकडे असेल तर ठीक. १च्या जवळ आलं, तर सेटिंग्जच्या फाइलीत ११८च्या जागी काय लिहिलंय ते बघा.

केऑनांचा आलेख मात्र शंभर टकरींवर काढू नका. मोजून नऊ केऑन मिळाले, तर त्यात तीनची (नऊचं वर्गमूळ) चूक धरूनच चालायचं. टकरी दहा हजारांवर न्या, दर वेळी यादृच्छिक बीज (फासे जिथून सुरू होतात तो आकडा) बदला, आणि मशीन रात्रभर चालू राहू द्या. वीज जाते, म्हणून टकरी पाचशे-पाचशेच्या तुकड्यांत लावा.