सम की विषम: इन्व्हर्जनचा एक प्रश्न सुटला त्याची गोष्ट

स्पर्धात्मक प्रोग्रॅमिंग नुकतंच सुरू केलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कोल्हापुरात राजारामपुरीत खोली घेऊन राहतो. आजवर सोडवलेल्या प्रश्नांत मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या एका प्रश्नानं.

प्रश्न कोडफोर्सेसच्या, म्हणजे ऑनलाइन प्रोग्रॅमिंग स्पर्धा घेणाऱ्या साइटच्या, एका जुन्या फेरीतला. 1 पासूनचे आकडे कसेही उलटसुलट मांडलेले असतात, म्हणजे परम्युटेशन. आकडे जास्तीत जास्त 1500. मोठा आकडा आधी आणि लहान नंतर आला, की ती जोडी उलटी. तिलाच इन्व्हर्जन म्हणतात. 3 1 2 या मांडणीत 3-1 आणि 3-2 अशा दोन उलट्या जोड्या आहेत. मग एकामागून एक, दोन लाखांपर्यंत आज्ञा येतात: अमुक जागेपासून तमुक जागेपर्यंतचा तुकडा उलटा करा. प्रत्येक आज्ञेनंतर उलट्या जोड्या सम आहेत की विषम ते सांगायचं.

मी लगेच कोड लिहायला बसलो. तुकडा उलटा करायचा, सगळ्या जोड्या पुन्हा मोजायच्या. 1500 आकड्यांच्या जोड्या होतात 11,24,250. त्याला दोन लाखांनी गुणलं की 22,485 कोटी. सेकंदाला साधारण दहा कोटी साध्या क्रिया धरल्या, तरी अर्ध्या तासाच्या वर वेळ जातो. हा गुणाकार कोड लिहिण्याआधी करायचा असतो. मी तो 'टाइम लिमिट एक्सीडेड' (कोडला ठरलेल्यापेक्षा जास्त वेळ लागला) असा निकाल आल्यावर केला. त्यानंतर फेनविक ट्री (बेरजा झटपट काढायची, माहिती साठवायची एक रचना) वाचलं, तुकडे उलटे करू शकणाऱ्या अशाच अवघड ट्री-रचना शोधल्या आणि त्यात दोन संध्याकाळी गेल्या.

तिसऱ्या दिवशी मेसवरून आल्यावर रूममेट पत्ते पिसत बसला होता. तो सिव्हिलचा, कोडिंगशी त्याचा संबंध नाही. त्याला प्रश्न वाचून दाखवला तर म्हणाला, "भावा, किती ते कुठं विचारलंय? सम का विषम, एवढंच म्हणतोय की!"

मग कॅटातली बदामची पाच पानं काढून आम्ही जमिनीवर मांडली: दुर्री, पंजी, एक्का, चौका, तिर्री. म्हणजे 2 5 1 4 3. उलट्या जोड्या पाच. मधली तीन पानं उलटी केली: 2 4 1 5 3. आता जोड्या चार. नेमकं काय बदललं हे बघताना गाठ सुटली.

बाहेरच्या दुर्रीला आत कोण कुठल्या क्रमानं बसलंय याचा फरक पडत नाही. एक्का तिच्या उजवीकडेच होता आणि तिथंच राहिला. तिर्रीचंही तसंच: पंजी आणि चौका दोघंही अजून तिच्या डावीकडेच. म्हणजे बदल फक्त तुकड्याच्या आतल्या जोड्यांत होतो, आणि तिथं मात्र प्रत्येक जोडी पालटते. उलटी होती ती सुलटी, सुलटी होती ती उलटी. एक जोडी पालटली की एकूण संख्या एकानं वाढते किंवा घटते, सम-विषम बदलतंच. तीन पानांत तीन जोड्या, म्हणजे तीनदा बदल, म्हणून पाचाचे चार झाले.

तेव्हा तुकड्यात किती जोड्या आहेत एवढंच बघायचं: लांबी गुणिले (लांबी वजा एक) भागिले दोन. ही संख्या विषम असेल तर उत्तर पालटा, सम असेल तर तसंच ठेवा. लांबी 2 किंवा 3 असेल तर पालटतं, 4 किंवा 5 असेल तर नाही, 6-7 ला परत पालटतं. ॲरे (कोडमधली आकड्यांची यादी) प्रत्यक्षात उलटा करायचीसुद्धा गरज नाही! सुरुवातीची मोजणी साध्या दुहेरी लूपनं करा. अकरा लाख जोड्या काही जास्त नाहीत.

सी प्लस प्लसमध्ये लिहीत असाल तर दोन लाख ओळी छापताना दर ओळीला 'एंडएल' वापरू नका. ते प्रत्येक वेळी बफर (छापायचा मजकूर तात्पुरता साठवायची जागा) रिकामा करतं आणि त्यात वेळ जातो. साधं नवओळीचं चिन्ह पुरतं.

आकडे 1500 ऐवजी दोन लाख असले आणि उलट्या जोड्यांची खरी संख्याच विचारली, तर मात्र दुहेरी लूप चालणार नाही. तिथं मर्ज सॉर्ट (यादीचे दोन भाग करून, दोन्ही क्रमानं लावून, लहान आकडा आधी उचलत परत जोडायची पद्धत) करता करता मोजायचं: उजव्या भागातला आकडा आधी उचलला, की डाव्या भागात जेवढे उरलेत तेवढ्या जोड्या मिळवायच्या. बेरीज जवळपास 2,000 कोटींपर्यंत जाते आणि साध्या इंटमध्ये (पूर्णांक साठवायच्या नेहमीच्या प्रकारात) 214 कोटींच्या वर मावत नाही, म्हणून 'लाँग लाँग' हा मोठा प्रकार घ्या.

हे जमलं की पुढचा प्रश्न घ्या: चार पानांच्या किती मांडण्यांत शून्य, एक, दोन अशा सहापर्यंत उलट्या जोड्या येतात? आधी तीन पानं मांडा, मग चौका कुठं कुठं बसतो ते बघा. तो शेवटी बसला तर नवीन जोडी नाही, आणि डावीकडे एकेक घर सरकला की एकेक जोडी वाढते. तुमचं उत्तर 1, 3, 5, 6, 5, 3, 1 येतंय का आणि बेरीज 24 होतेय का तपासा. मग हेच पाच पानांसाठी करा, आधी हातानं.