जिम्नॅस्टिक्सचा क्लास पारखायचा कसा: फी भरण्याआधीचा एक तास

पाच-सहा वर्षांच्या मुलाला जिम्नॅस्टिक्सला घालायचं असेल तर पैसे भरण्याआधी सरांना सांगा, एक पूर्ण तास कोपऱ्यात बसून क्लास बघायचाय. पालक रोज समोर बसले की मुलांचं लक्ष उडतं, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. पण एकदाही बघू देत नसतील तर विषय तिथेच संपला.

बसलात की आधी खाली बघा. बेळगाव असो, खानापूर असो की निपाणी, क्लास शाळेच्या हॉलमध्ये किंवा जुन्या तालमीत भरत असला तर खाली शहाबादी फरशी नाहीतर गुळगुळीत टाइल्स असू शकतात. त्यावर नुसती अंथरलेली मॅट मूल धावत आलं की सरकते. मॅट एकमेकींना वेल्क्रोने जोडलेल्या हव्यात, कारण दोन मॅटमधल्या फटीत पाऊल गेलं की घोटा मुरगळतो. मॅटवर एक गुडघा टेकून सगळं वजन द्या. फरशी गुडघ्याला लागली तर आतला फोम बसलाय. कोलांटीला ४-५ सेंटिमीटरची घट्ट मॅट पुरते, उंचावरून उतरायला २० सेंटिमीटर किंवा त्याहून जाड लागते. जाड मऊ गादीवर पहिली कोलांटी शिकवणं ही मात्र उलटी चूक. डोकं गादीत रुततं, अंग पुढे जातं आणि मानेला हिसका बसतो.

आपल्याकडच्या पावसात मॅट ओल धरतात. क्लास सुटल्यावर त्या पंख्याखाली उभ्या करून ठेवतात का, ते विचारा. त्याच हॉलमध्ये मल्लखांब चालत असेल तर आणखी एक गोष्ट बघा. खांबाला लावलेलं एरंडेल हातापायांवरून मॅटवर येतं आणि मॅट निसरडी होते. दोन्ही वर्गांच्या मध्ये कोरड्या फडक्याने पुसून घेणारे सर भेटले तर निम्मी काळजी मिटली.

आता शिकवणं. पहिल्या दोन-तीन तासांत उडी मारून उतरणं आणि पडणं शिकवलं पाहिजे. २०-३० सेंटिमीटरच्या ठोकळ्यावरून उडी, पाय कमरेच्या रुंदीएवढे, गुडघे वाकलेले आणि पायाच्या बोटांच्या रेषेत, हात पुढे, आणि तीन आकडे मोजेपर्यंत जागेवर स्थिर. मागे पडताना मूल आपसूक हात मागे टेकतं आणि सगळा भार ताठ कोपरावर येतो. लहान मुलांत कोपराच्या जरा वरचं हाड मोडतं ते बहुतेक वेळा अशा ताठ हातावर पडूनच. म्हणून हात छातीवर घडी, हनुवटी आत, आणि पाठीवर गोल लोळण, हे अंगवळणी पडेपर्यंत घोटून घेतलं पाहिजे. मुलं कंटाळतात, पालक तर जास्तच. तरीही घेतलं पाहिजे.

कोलांटीचा क्रम ठरलेला आहे. आधी गुडघे पोटाशी घेऊन पाठीवर डोलणं. मग उतरत्या मॅटवरून कोलांटी, कारण उतार अर्धं काम करतो आणि हातांवर भार कमी येतो. त्यानंतर सपाटीवर उकिडवं बसून. दोन हातांत खांद्यांएवढं अंतर, कंबर वर, हनुवटी छातीला. हनुवटीखाली घडी केलेला रुमाल धरायला लावला तर चूक लगेच कळते. रुमाल पडला की मान उघडली. जमिनीला आधी खांद्यांची मागची बाजू लागायला हवी. टाळू टेकत असेल तर कंबर पुरेशी वर येत नाही किंवा हात ढिले पडतात. मूल एका बाजूला कलंडत असेल तर एकच हात जोर लावतोय. सरांचा एक हात मांडीमागे आणि दुसरा डोक्यामागे, हनुवटी आत ठेवायला, एवढाच आधार. मान धरून ओढणारा माणूस दिसला तर उठा.

हातावर उभं राहण्याआधी उतरणं यायला हवं. तोल गेला तर एक हात पुढे टाकून बाजूला वळून पाय खाली आणायचे. मग भिंतीकडे पोट करून पाय चढवायचे आणि दहा सेकंद थांबायचं. बीमचंही, म्हणजे तोल सांभाळत चालायच्या अरुंद पट्टीचंही, तसंच. स्पर्धेतला बीम १० सेंटिमीटर रुंद आणि १२५ सेंटिमीटर उंच असतो, नवख्यांसाठी जमिनीवरची चिकटपट्टी, मग जमिनीलगतचा बीम. ट्रॅम्पोलिन असेल तर एका वेळी एकच मूल, आणि त्यावर कोलांटी उडी नाही.

‘महिन्यात बॅकफ्लिप’ अशी जाहिरात असेल तर तो क्लास सोडा. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये भारताची दीपा कर्माकर व्हॉल्टच्या, म्हणजे धावत येऊन टेबलावरून घ्यायच्या उडीच्या, अंतिम फेरीत चौथी आली. तिथला तिचा प्रोदुनोवा, म्हणजे हवेत दोन कोलांट्यांची अवघड उडी, मुलांना मोबाइलवर जरूर दाखवा, पण तो अनेक वर्षांच्या तालमीनंतरचा आहे हेही सांगा.

एका मॅटपुढे रांग किती लांब आहे ते मोजा. बारा मुलं आणि प्रत्येकाला अर्धा मिनिट धरलं तर अर्ध्या तासात एकाच्या वाट्याला पाच फेऱ्या येतात. बाकी वेळ ती मागे आपापले प्रयोग करतात, आणि लागतं ते तिथेच. सहा वर्षांखालच्या सहा-आठ मुलांमागे एक शिक्षक आणि तीन-चार ठिकाणी वेगवेगळं काम, ही चांगली मांडणी. सरांना विचारा, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एन.आय.एस.) एक वर्षाचा डिप्लोमा केलाय की सहा आठवड्यांचा कोर्स? दुसरा वाईट नाही, पण त्यावर व्हॉल्ट शिकवायला घेत असतील तर सावध. आपल्या वर्गात मराठी, कन्नड दोन्ही घरांतली मुलं असतात, म्हणून ‘थांब’ आणि ‘निल्लु’ कानावर पडताच सगळी जागच्या जागी थांबतात का, तेही बघा.

पाय फाकवून बसलेल्या मुलाला वरून दाबणं, रडत असताना दाबतच राहणं, याला शिस्त म्हणू नका. मुलाने स्वतःहून १५ ते ३० सेकंद घेतलेला ताण पुरेसा असतो. आधार देताना हात कुठे लावणार हे सरांनी आधी सांगावं, तेही सगळ्यांसमोर. मुलाला पालकांना वगळून खासगी मेसेज येत असतील तर लगेच जाब विचारा. लैंगिक छळाचा संशय असेल तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवावंच लागतं. मदतीला १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाची मान डॉक्टरांकडून तपासून घेतल्याशिवाय कोलांटी नको, तिथले मणके सैल असू शकतात. दमा, जुनं फ्रॅक्चर हे सगळं फॉर्मवर लिहा. क्लासमध्ये डोक्याला मार लागला तर त्या दिवशी खेळ बंद, उलटी किंवा गुंगी आली तर थेट दवाखाना. मान दुखत असेल तर हलवायचं नाही, १०८ बोलवायची. मनगट किंवा कंबर दोन आठवडे दुखत राहिली तर डॉक्टरांना दाखवा.

घरून पाठवताना पैंजण, बांगड्या, कानातलं, गळ्यातला दोरा काढा, केस घट्ट बांधा, पाय अनवाणी. पोटभर जेवण झालं असेल तर दोन तासांनीच.

महिना झाला की घरच्या एका पायरीवरून उडी मारायला सांगा. गुडघे वाकवून, आवाज न करता उतरून तिथेच थांबलं तर क्लास नीट चाललाय. ताठ पायांवर धप्पकन आलं तर दुसऱ्या दिवशी सरांना विचारायला जा.