वर्गातल्या साथीला डॉक्टर करू नका: या चुका टाळा

आठवीतल्या मुलाला बाईंना जे विचारवत नाही, ते अकरावीतल्या दादाला विचारता येतं. मुलांनीच मुलांना लैंगिक आरोग्य शिकवावं, यामागचं कारण एवढंच आहे. 2014 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलामुलींना ‘साथिया’ म्हणतात. शहरातल्या शाळांत असे साथी तयार करताना काही चुका वारंवार होतात. त्यातल्या काही माझ्याही हातून झाल्यात.

पहिली चूक निवडीतच होते. शिक्षक हटकून मॉनिटरचं नाव सुचवतात. पण गोंगाट करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणाऱ्या मुलीला ‘माझी पाळी चुकलीय’ असं कोण सांगेल? त्यापेक्षा वर्गालाच विचारा, तुमचं गुपित कोणाच्या पोटात राहील? नावं चिठ्ठीवर घ्या. दोन-तीन नावं पुन्हा पुन्हा येतात, त्यांनाच घ्या.

‘प्रश्नपेटी ठेवली, पण चिठ्ठ्याच येत नाहीत,’ ही नेहमीची तक्रार. येणार कशा? वर्गात ज्याचं पेन हलतं, त्याच्याकडे सगळे बघतात. म्हणून सगळ्यांना एकाच मापाचे कागद आणि पेन्सिली द्या. प्रत्येकाने काहीतरी लिहायचंच. प्रश्न नसेल तर पाठ असलेल्या कवितेच्या दोन ओळी. असं केल्यावर एका वर्गात मला आठ घड्या घातलेली चिठ्ठी मिळाली: ‘झोपेत चड्डी ओली होते. मी आजारी आहे का?’ आमच्या साथीने उत्तर देताना ‘स्वप्नदोष’ हा शब्द वापरला आणि मुलांच्या माना खाली गेल्या. त्या शब्दातच दोष आहे! ‘झोपेत वीर्य बाहेर येणं’ असं सरळ म्हणा, आणि वयात येताना हे पुष्कळ मुलांना होतं, त्याने अशक्तपणा येत नाही, हेही लगेच सांगा. भिंतींवरच्या गुप्तरोगाच्या जाहिरातींनी मुलांना पुरेसं घाबरवलेलं असतं.

उत्तर येत नसेल तर साथी ठोकून देतात, कारण मान राखायचा असतो. ‘मला माहीत नाही, विचारून सांगते,’ हे वाक्य त्यांच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्या. गर्भनिरोधाची तातडीची गोळी असुरक्षित संबंधानंतर 72 तासांच्या आत घेतात, जितकी लवकर तितकी बरी, पण लैंगिक संसर्गापासून ती वाचवत नाही. एवढी माहिती साथीला हवी. त्यापुढचं काम डॉक्टरांचं; सरकारी रुग्णालयातलं किशोरवयीनांसाठीचं ‘मैत्री’ क्लिनिक कुठे आणि कधी उघडं असतं, ते मात्र साथीला तोंडपाठ असावं.

सगळ्यात जड चूक गुपिताची. ‘मी कोणालाही सांगणार नाही,’ असं वचन द्यायला आम्हीच एका तुकडीला शिकवलं होतं. त्यातली एक साथी मैत्रिणीवर घरात होणारा अत्याचार दहा दिवस एकटीच मनात घेऊन वावरत होती. तिचा डबा रोज तसाच परत जायचा, तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं. पंधरा वर्षांच्या मुलीवर आम्ही केवढं ओझं टाकलं होतं! मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अशी माहिती पोलिसांना कळवावीच लागते. न कळवल्यास मोठ्या माणसाला शिक्षा आहे, मुलांना नाही. म्हणजे जबाबदारी आपली. आता आम्ही वचनच बदललंय: ‘वर्गात तुझं नाव निघणार नाही. पण कोणी तुला त्रास देत असेल, तर आपण दोघी मिळून ताईंना सांगू.’ ती ताई कोण, हे पहिल्याच दिवशी ठरलेलं हवं. 1098 हा मुलांच्या मदतीसाठीचा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबरही साथीच्या वहीत लिहून द्या.

पाळीच्या तासाला मुलांना मैदानावर पाठवू नका. आधी वेगवेगळं बसवा, मग एकत्र.

आणि पालकांना शेवटी कळवू नका. 2007 साली राज्यात शाळेतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी आली होती; तसा विरोध आजही एका अफवेवर उभा राहतो. वर्गात दाखवणार तीच चित्रं आधी पालकसभेत दाखवा. सभा संपल्यावर काही आया मागे रेंगाळतात. त्यांच्यासाठीही थोडे कागद आणि पेन्सिली जवळ असू द्या.