बजी पाळताय? घरातल्या हवेबाबत या चुका टाळा

नेरूळच्या आमच्या सिडकोच्या घरात हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये दार नाही, नुसता पडदा आहे. त्या पडद्यापासून चार पावलांवर आमच्या दोन बजींचा, म्हणजे बजरीगर जातीच्या छोट्या पोपटांचा, पिंजरा टांगलेला असायचा. एका सकाळी घावनांसाठी नॉनस्टिक तवा गॅसवर ठेवला आणि खालून वॉचमनने पार्सल घ्यायला बोलावलं. पार्सल घेतलं, वॉचमनशी दोन शब्द बोलले, वर आले. तवा रिकामाच तापत होता. मला धड वासही आला नाही. दोन्ही बजी मात्र पिंजऱ्याच्या तळाशी पडलेले. एक गेलेला, दुसरा चोच वासून धापा टाकत होता. दुपारपर्यंत तोही गेला.

(दुकानदार त्यांना लव्हबर्ड म्हणून विकतात. ते बजी असतात, खरे लव्हबर्ड वेगळे. आणि देशी पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे, तेव्हा तो विषयच नको.)

नॉनस्टिकचं आवरण पीटीएफई नावाच्या पदार्थाचं असतं. साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे ते मोडायला लागतं आणि विषारी वायू सुटतात. मोठ्या आचेवर रिकामा तवा तिथवर काही मिनिटांत पोचतो. आपल्याला खोकला किंवा फ्लूसारखा ताप येईल; बजीचं सगळं वजनच तीस-चाळीस ग्रॅम. शिवाय त्याच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते, श्वास आत घेतानाही आणि बाहेर सोडतानाही. म्हणून हवेतलं चांगलं-वाईट सगळंच तो आपल्यापेक्षा जास्त शोषतो. एक्झॉस्ट चालू आहे, खिडकी उघडी आहे, यावर विसंबू नका. हेच आवरण सँडविच मेकर, एअर फ्रायर आणि इस्त्रीच्या तळालाही असू शकतं. मी बिडाच्या तव्यावर आले. पहिले आठ दिवस घावनं चिकटली, मग जमली. पुढे नवे बजी आणले, तरी पिंजरा स्वयंपाकघराजवळ परत टांगला नाही, कारण जळकं तेल आणि फोडणीतल्या मिरचीचा ठसकाही त्यांना सोसत नाही.

आमच्याकडे सर्वांत जास्त वाद झाला तो उदबत्तीवरून. सासूबाई म्हणाल्या, "पाखरांसाठी आता देवाला धूपही दाखवायचा नाही का?" तडजोड अशी झाली: पूजेच्या आधी पिंजरा आतल्या खोलीत, दार बंद, आणि वास पूर्ण गेल्यावरच बाहेर. गणपतीत हे दिवसातून दोनदा करावं लागतं, करतो. डासांसाठी मात्र तडजोड नाही. कॉइल आणि लिक्विडची मशीन दोन्ही बंद. पिंजऱ्यावर रात्री बारीक जाळीची मच्छरदाणी. रूम फ्रेशनर आणि कपाटातल्या डांबरगोळ्याही गेल्या.

पावसाळ्यात धूरफवारणीची गाडी सोसायटीत शिरली की आवाजावरून कळतं. तेव्हा खिडकीच्या ग्रिलमधला पिंजरा आधी आत घ्या, मग खिडक्या लावा. उलट क्रमाने करणारे शेजारी मी पाहिलेत: काचा बंद, पाखरं बाहेर! पेस्ट कंट्रोलवाला "मॅडम, बिनवासाचं आहे" म्हणेल. वास नाही म्हणजे विष नाही असं नसतं. फवारणी असेल त्या दिवशी पक्षी नातेवाइकांकडे पाठवा.

साफसफाईत एक गोष्ट माणसांसाठीही लक्षात ठेवा: ब्लीच आणि संडास धुण्याचं अ‍ॅसिड एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. पिंजरा धुवायला गरम पाणी आणि भांड्यांचा साबण पुरतो. खळखळून धुऊन पूर्ण वाळवा.

पिंजऱ्याची तारही कधी कधी घात करते. नव्या, स्वस्त जाळीवर जस्ताचे थेंब आणि पांढरी भुकटी असते. बजी दिवसभर तार चघळतो आणि जस्त पोटात जातं. ओकारी, पातळ हिरवी विष्ठा, थरथर, दांडीवर तोल जाणं, ही त्याची लक्षणं. व्हिनेगर लावून ब्रशने घासल्याने जस्त कमी होतं, पूर्ण जात नाही; परवडत असेल तर स्टेनलेस स्टील घ्या. खेळण्यातली घंटी आणि की-चेनची साखळीही तपासा.

खाण्याचं थोडक्यात: अ‍ॅव्होकाडो अजिबात नाही, चॉकलेट नाही, चहा-कॉफी नाही, कांदा नाही, फरसाण नाही. वाशीच्या बाजारात अ‍ॅव्होकाडो आता सहज मिळतो, म्हणून तो आधी सांगितला.

पक्षी पिसं फुलवून बसला, प्रत्येक श्वासाला शेपूट वरखाली होऊ लागली, तर आधी त्याला मोकळ्या हवेत न्या, कारण नंतर शोधा. चोचीत पाणी, हळदीचं दूध किंवा ब्रँडी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, उबेत ठेवून निघा. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर नवी मुंबईत बरेच सापडतात, पक्षी बघणारे कमी. म्हणून आजच दोन-तीन दवाखान्यांत फोन करून विचारा, "बजी बघता का?" आणि नंबर फ्रिजवर चिकटवा. परळचं बैलघोडा हॉस्पिटल पक्षीही बघतं, पण नेरूळहून पोचायला वेळ लागतो, तोवर जवळच्या डॉक्टरांशी फोनवर बोलत राहा. फवारलेल्या औषधाचा डबा सोबत घ्या, त्यावरचं नाव डॉक्टर पहिल्यांदा विचारतात.