कॅम्पर ट्रेलरच्या दाराला वाकणारी मेटल पट्टी लावताय? या चुका टाळा

घरी कॅम्पर ट्रेलर (गाडीमागे ओढायचं, झोपायची सोय असलेलं चाकांवरचं छोटं घर) बनवणारे भिंती, छत, वायरिंग सगळं मन लावून करतात, आणि दाराच्या कडेची पट्टी मात्र शेवटी घाईघाईत उचलून आणतात. मग पहिल्याच मोठ्या पावसात गादीचा कोपरा ओला. माझ्या पहिल्या दाराचं अगदी हेच झालं, म्हणून हे लिहितोय.

पहिली चूक म्हणजे दुकानात जाऊन नुसतं "ॲल्युमिनियमची पट्टी द्या" म्हणणं. सगळं ॲल्युमिनियम सारखं नसतं. त्याचे प्रकार नंबराने ओळखतात: ६०६१-टी६ ताकदीला भारी पण लहान गोलाईत वाकवलं की तडकतं, ६०६३-टी५ त्यामानाने बरं, आणि ३००३ सारखं मऊ ॲल्युमिनियम हाताने साच्यावर छान बसतं. जाड पट्टी घेतली म्हणजे दार मजबूत होईल असं पण बऱ्याच जणांना वाटतं, पण दाराचा भार प्लायवुड आणि फ्रेम घेते, पट्टीचं काम फट झाकणं आणि पाणी अडवणं एवढंच, त्यामुळे इथे जाडी वाढवून वाकवायला त्रास तेवढा वाढतो.

आता खरी मेख. सपाट पट्टी तिच्या पातळ बाजूने सहज वाकते, पण एल अँगलचं, म्हणजे एल आकाराच्या पट्टीचं, जे पान (एलची एक बाजू) दाराच्या पृष्ठभागाला समांतर असतं ते वाकत नाही, त्याला ताणावं नाहीतर आकसावं लागतं. हिशोब करून बघा: कोपऱ्याची त्रिज्या १५० मिमी असेल तर पाव गोलाईत आतली कड साधारण २३६ मिमी लागते, आणि २० मिमी बाहेर आलेल्या पानाची कड २६७ मिमी, म्हणजे तेवढ्याशा जागेत ३१ मिमीचा फरक! कडक ॲल्युमिनियम एवढं ताणलं जात नाही, बाहेरच्या कडेला चीर जाते. पान आतल्या बाजूला असेल तर उलट, सुरकुत्या पडतात. त्यामुळे पान जितकं अरुंद आणि गोलाई जितकी मोठी तितकं काम सोपं, आणि शक्य असेल तर दाराचा आकार ठरवतानाच पट्टी डोक्यात ठेवा. माझं स्पष्ट मत आहे, आधी एक छोटा तुकडा आणून आपल्याच गोलाईवर वाकवून बघा आणि मगच पूर्ण लांबी घ्या.

वाकवल्यावर गोलाई थोडी परत उघडते, म्हणून साचा दाराच्या गोलाईपेक्षा जरा लहान बनवायचा. पट्टी पीळ खात असेल तर साच्यावर वरून फळी क्लॅम्प करा म्हणजे ती उचलली जाणार नाही. सुरकुत्या येऊ लागल्या तर जोरात हाणू नका, रबरी किंवा लाकडी हातोडीने थोडं वाकवायचं थोडं ठोकायचं, असं करत पुढे जा. तरी तडकत असेल तर गरम करून मऊ करता येते, पण ॲल्युमिनियम लाल होत नाही, लाल होण्याची वाट बघाल तर थेट वितळेल. अंगाचा साबण घासून टॉर्च फिरवत राहा, साबण काळा पडला की लगेच थांबा आणि गार होऊ द्या. ॲनोडाइज केलेल्या (वर संरक्षक थर चढवलेल्या) किंवा रंगवलेल्या पट्टीवर हे करू नका, फिनिश जाईल.

भोकं आधी पाडून मग वाकवणं ही पण नेहमीची चूक, भोक लांबुळकं होतं आणि चीर तिथूनच सुरू होते. टोकं पण आधी कापू नका, दोन्हीकडे वीतभर जास्त ठेवा, कारण शेवटचा तुकडा पकडायला काही नसलं तर तो वाकतच नाही.

बसवताना पट्टीची दोन टोकं जुळतात तो सांधा दाराच्या खालच्या कडेला घ्या, वर अजिबात नाही. स्क्रू स्टेनलेसचे, पितळेचे नकोत, ओल लागली की पितळेशेजारी ॲल्युमिनियम पोखरतं. पट्टीखाली ब्यूटाइल टेप (पाणी अडवणारी मऊ, चिकट रबरी टेप) लावा. त्याऐवजी सिलिकॉन नको, ते नंतर काढणं फार कटकटीचं आणि त्यावर रंग धरत नाही.

आणि गळतंय कुठून ते कळत नसेल तर दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. जिथे कागद सहज सुटून येतो तिथे दाराच्या कडेचं पाणी अडवणारं रबर नीट दाबलं जात नाहीये, आणि माझ्या दारात ती जागा बरोब्बर कोपऱ्यावर होती, जिथे पट्टीला सुरकुती पडली होती.