शुक्रवारचं पापलेटचं हिरवं कालवण

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आजी रेवदंड्याकडची. आमचे पूर्वज शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे, म्हणून कोकणात त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. शब्बाथ म्हणजे आमचा काम न करण्याचा दिवस, शुक्रवारी सूर्य मावळताना सुरू होऊन शनिवारी रात्री संपणारा. शब्बाथला चूल पेटवायची नाही, त्यामुळे शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत कालवण तयार व्हायलाच हवं. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये मीही ती वेळ पाळते.

खरं काम बाजारात असतं. आम्हाला पर आणि खवलं दोन्ही असलेलीच मासळी चालते. कोळंबी, खेकडे, शिवल्या, मोरी वर्ज्य. पापलेटची खवलं फार बारीक असतात, म्हणून मी कोळिणीला सांगते, “मावशी, आख्खंच द्या, खवलं मी घरी काढते.” सुरीची बोथट बाजू शेपटीकडून डोक्याकडे फिरवा. कातडी न फाटता खवलं सुटली पाहिजेत. सोलून कापलेले तुकडे मी घेत नाही, कारण मग ओळखणार कशावरून?

पापलेटच का, तर काटे. शब्बाथला ‘निवडणं’ हे काम मानलं जातं. चांगल्यातून नको ते वेचून काढायचं नाही. पूर्व युरोपातल्या ज्यूंची काटे काढून केलेली ‘गेफिल्टे फिश’ याच कारणाने शब्बाथला सोयीची ठरली. पापलेटचा मधला काटा सरळ असतो, घास घेताना अडत नाही.

दोन मध्यम पापलेटांच्या तुकड्यांना मीठ आणि अर्धा चमचा हळद लावून ठेवा. एका नारळाचं जाड दूध एक वाटी काढा, मग त्याच चोथ्याचं पातळ दूध दोन वाट्या. एक जुडी कोथिंबीर, 6 हिरव्या मिरच्या, 8 लसूण पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं आणि चमचाभर जिरं गुळगुळीत वाटा.

पसरट पातेल्यात तेलावर एक बारीक चिरलेला कांदा गुलाबी करा. वाटण घालून कडेने तेल दिसेपर्यंत परता. इथे घाई केलीत तर लसूण कच्चा लागतो. पातळ दूध आणि 5 आमसुलं घालून उकळी आणा, मग तुकडे एकेक करून सोडा. डाव घालू नका. फडक्याने पातेलं धरून हलकंच गोल फिरवा. सात-आठ मिनिटांनी आच अगदी मंद करून जाड दूध ओता. कडेला वाफ दिसली की उतरवा. उकळलं तर दूध फुटतं.

मांसाहारी जेवणात आम्ही गाईम्हशीचं दूध वापरत नाही, आणि नारळाने ती उणीव कधी जाणवू दिली नाही. मासे मात्र मटणाबरोबर एका भांड्यात शिजवत नाही.

झाकून तासभर मुरू द्या. तेवढ्यात मी काळ्या मनुका कुस्करून किद्दुशसाठी, म्हणजे शब्बाथच्या स्वागताच्या प्रार्थनेसाठी, शरबत गाळते, भात उतरवते आणि दिवे लावते.