हलकी उखळी तोफ समोर दिसली तर ती नीट कशी बघायची

संग्रहालयात किंवा युद्धाच्या जुन्या फोटोत एखादी आखूड नळी जमिनीला टेकवलेली दिसते आणि लोक 'छोटी तोफ' म्हणून पुढे जातात, पण ती उखळी तोफ म्हणजेच मॉर्टर असते, जरा थांबून बघा, कारण यातला प्रत्येक भाग वजनाशी भांडून ठरवलेला असतो.

आधी पाटीवर नळीचा व्यास वाचा. ५० ते ६० मिमी असेल तर हलकी, म्हणजे पायदळाच्या छोट्या तुकडीने (प्लाटून-कंपनीने) स्वतः उचलून न्यायची. ८१ मिमी आली की ती मध्यम. १९१५ मध्ये विल्फ्रेड स्टोक्सने साधी गुळगुळीत नळी, खाली प्लेट, पुढे दोन पाय असा जो साचा बनवला तो अजून तसाच चालतो, वरून बॉम्ब सोडला की तो घसरत जाऊन तळाच्या पिनवर आपटतो आणि नळीतून बाहेर उडतो.

मग नळीचा तळ बघा, खरी गंमत तिथे आहे. ब्रिटिशांची दुसऱ्या महायुद्धातली २ इंची मॉर्टर घ्या, वजन जेमतेम ५ किलो, नळी इतकी आखूड की नुसता बॉम्ब सोडून पिनवर पुरेसा जोर येत नाही, म्हणून तळाशी चक्क ट्रिगर बसवलाय. दोन पाय नाहीत, नंतर नेम धरायचं साधनही काढून टाकलं आणि नळीवर एक पांढरी रेघ रंगवली, ती रेघ लक्ष्याकडे धरायची आणि कोन अंदाजाने. पल्ला साधारण ४६० मीटर. मला हे डिझाइन मनापासून आवडतं, कारण काय सोडून द्यायचं हे त्यांना कळलं होतं. याउलट जर्मनांची ५ सेंमीची बघा, १४ किलो, कोन जुळवायला बारीक स्क्रू, पल्ला मात्र ५२० मीटरच, तिचं उत्पादन १९४१ मध्ये थांबवलं.

तळाला छोटी बाकदार प्लेट दिसली तर बहुतेक जपानी टाइप ८९ असेल. तिला 'नी मॉर्टर' (गुडघ्यावरची मॉर्टर) म्हणतात म्हणून ती मांडीवर ठेवून उडवायची असं समजू नका, ती प्लेट जमिनीवर किंवा ओंडक्यावर टेकवायची असते, मांडीवर ठेवणारे जबर जखमी झालेत.

आता वापर. फोटोत आजूबाजूला काय आहे ते बघा, बांध, खंदक, भिंत? बंदुकीची गोळी सरळ जाते, ती आडोशामागे पोचत नाही, मॉर्टरचा बॉम्ब उंच जाऊन वरून पडतो, हाच सगळा मुद्दा. आणि मागून मोठ्या तोफखान्याची मदत येईपर्यंत थांबावं लागत नाही. बॉम्ब शेजारी ठेवलेले असतील तर तेही बघा, कारण सगळे स्फोटाचे नसतात, धुराचे असतात, रात्री उजेड पाडणारे असतात, आणि उघड्या मैदानातून माणसं पलीकडे न्यायची तर धुराचा पडदाच जास्त कामाचा.

शेवटी आजची अमेरिकन एम२२४ दिसली तर तिची प्लेट आणि पाय बघा. ६० मिमीची ही एकच तोफ, मोठी प्लेट आणि पाय लावले की सुमारे २१ किलो आणि पल्ला जवळपास साडेतीन किलोमीटर, पाय काढून छोटी प्लेट लावली की ८ किलोच्या आसपास, हाताने धरून ट्रिगरने उडवायची, पल्ला मात्र बराच कमी.